झाशीचे राधाचरण गुप्ता आणि गणिताच्या इतिहासाची एक संस्था



झाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. त्यात चूक काहीच नाही. पण आज मी तुम्हाला झाशीच्या दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगणार आहे. हा माणूस घोड्यावर बसला नाही, त्याचा पुतळा कुठल्या चौकात आहे असंही माझ्या ऐकिवात नाही. त्याने आयुष्यभर जुन्या पोथ्यांमधली गणितं सोडवली आणि जवळजवळ पंचवीस वर्षं एक छोटं नियतकालिक चालवलं. त्याचं नाव राधाचरण गुप्ता. आणि त्या नियतकालिकामागे जी संस्था होती, ती म्हणजे इंडियन सोसायटी फॉर हिस्टरी ऑफ मॅथेमॅटिक्स, गणिताच्या इतिहासाच्या अभ्यासकांची भारतातली संस्था.

तुम्ही म्हणाल, गणिताच्या इतिहासाला संस्था कशाला हवी? पुस्तकं आहेत की. याच प्रश्नाभोवती आजचं सगळं बोलणं आहे.

सुरुवात मात्र झाशीपासूनच करू. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीत होते, हे आपल्यापैकी अनेकांनी 'माझा प्रवास'मध्ये वाचलेलं आहे. लढाई, आग, कत्तल, लूट हे सगळं त्यांनी लिहिलं, आणि त्यातच वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला तेही लिहिलं. हा संग्रह साधा नव्हता. काशीच्या पंडितांनाही इथल्या पोथ्यांच्या नकला करून न्याव्याशा वाटत, असं गोडसे सांगतात. एवढ्या कत्तलीतून जीव वाचवून आलेला माणूस पोथ्यांसाठी हळहळतो, हे मला पहिल्यांदा वाचताना जरा विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. हस्तलिखिताची कधीकधी एकच प्रत उरलेली असते. ती गेली की त्यातला विचार कुणाला कधी सुचलाच नव्हता, अशी अवस्था होते.

त्यानंतर ७७ वर्षांनी, १९३५ मध्ये, त्याच गावात राधाचरण गुप्ता जन्मले. ते शिकायला गेले लखनौला. तिथल्याच विद्यापीठातून १९५५ ला पदवी, १९५७ ला एम.ए. आता लखनौ हे गाव लक्षात ठेवा, कारण आपल्या विषयाचं ते माहेर आहे. लखनौ विद्यापीठात अवधेश नारायण सिंह नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी विभूतिभूषण दत्त यांच्याबरोबर 'हिस्टरी ऑफ हिंदू मॅथेमॅटिक्स' हा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग निघाला १९३५ ला, म्हणजे गुप्तांच्या जन्माच्याच वर्षी. दुसरा १९३८ ला. सिंहांचे शिष्य कृपाशंकर शुक्ल यांनी पुढे तिथेच एकामागून एक मूळ ग्रंथ संपादित करून, इंग्रजी भाषांतरासह छापले.

आपल्या मराठी माणसांसाठी आणखी एक गोष्ट. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ १८९६ चा. त्याचं हिंदी भाषांतर लखनौहून उत्तर प्रदेश सरकारने छापलं ते १९५७ मध्ये. ज्या वर्षी गुप्ता एम.ए. झाले त्याच वर्षी. दीक्षितांकडे आपण परत येणार आहोत.

गुप्ता १९५८ मध्ये रांचीजवळच्या मेसरा इथल्या बिर्ला तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागले. इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलांना गणित शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संस्कृत ग्रंथ वाचायचे. पीएच.डी.साठी त्यांना मार्गदर्शक मिळाल्या त्या टी. ए. सरस्वती अम्मा. या केरळच्या विदुषी. मद्रासला डॉ. व्ही. राघवन यांच्याकडे संशोधन केलेल्या, आणि नोकरीनिमित्त रांचीला आलेल्या. प्राचीन आणि मध्ययुगीन भारतातल्या भूमितीवरचा त्यांचा ग्रंथ आजही या विषयातला पायाभूत ग्रंथ मानला जातो. झाशीचा गणिती, केरळच्या संस्कृतज्ञ बाई आणि गाव रांची. १९७१ ला रांची विद्यापीठाने गुप्तांना पीएच.डी. दिली.

आता ते नेमकं काय करायचे? नुसतं "संशोधन केलं" म्हणून पुढे जाण्यात मजा नाही. मोबाइल हातात असेल तर कॅल्क्युलेटर उघडा. एक गणित करू.

सातव्या शतकात भास्कर नावाचे एक गणिती झाले. लीलावतीवाले भास्कराचार्य नव्हेत, ते बाराव्या शतकातले. हे त्यांच्या पाचशे वर्षं आधीचे, म्हणून त्यांना पहिला भास्कर म्हणतात. त्यांनी 'महाभास्करीय' या ग्रंथात कोणत्याही कोनाची ज्या, म्हणजे आपल्या भाषेत साइन, कोष्टक न पाहता काढायची रीत दिली. कोन घ्या, समजा २० अंश. तो १८० मधून वजा करा, उरले १६०. दोन्हींचा गुणाकार ३२००. त्याची चौपट १२८००, ही वर लिहा. आता ४०५०० मधून तेच ३२०० वजा करा, उरले ३७३००, हे खाली लिहा. भागाकार करा. उत्तर येतं ०.३४३२. आता कॅल्क्युलेटरवर साइन २० दाबा. ०.३४२०. फरक हजारात एकाचा! ३० अंशाला करून बघा, बरोबर अर्धा येतो. ९० ला बरोबर एक. ४५ ला ०.७०५९, खरं उत्तर ०.७०७१.

हे सूत्र त्या माणसाला सुचलं कसं? श्लोकात त्याचा उल्लेख नाही. श्लोक फक्त रीत सांगतो. गुप्तांनी १९६७ मध्ये या सूत्रावर लेख लिहिला. त्यात ते सूत्र कोणकोणत्या मार्गांनी मिळू शकतं हे त्यांनी मांडलं, आणि पुढच्या कोणत्या ग्रंथकारांनी ते कोणत्या रूपात वापरलं त्याचा माग काढला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत वर्तुळाच्या जीवेसाठी जो नियम आहे, तोही याच सूत्राचा अवतार आहे. पण "पहिल्या भास्कराने हे असंच शोधलं" असं विधान त्यांनी केलं नाही. शक्यता वेगळी ठेवली, पुरावा वेगळा ठेवला.

मला विचाराल तर इतिहासकाराचं काम इथे दिसतं. भास्कराचं कौतुक कुणीही करेल. श्लोकात काय आहे आणि आपण त्यात काय वाचतो आहोत, यांच्यामधली रेघ पुसू न देणं, हे फार कमी लोकांना जमतं.

असेच त्यांचे आणखी लेख आहेत. ब्रह्मगुप्ताने ६६५ च्या 'खंडखाद्यक'मध्ये कोष्टकातल्या दोन आकड्यांमधला आकडा काढायची जी सुधारित रीत दिली, तिचा पंधराव्या शतकापर्यंतचा प्रवास त्यांनी १९६९ मध्ये लिहिला. केरळच्या परमेश्वराने पंधराव्या शतकात चक्रीय चौकोनाच्या परिवर्तुळाची त्रिज्या काढायचा नियम दिला होता. युरोपात हा नियम १७८२ मध्ये ल्युइलिए या गणितीने दिला. गुप्तांचा त्यावरचा लेख १९७७ मध्ये 'हिस्टोरिया मॅथेमॅटिका' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. आणि दुसरीकडे हाच माणूस बिहारमधल्या सिवानहून निघणाऱ्या 'मॅथेमॅटिक्स एज्युकेशन' नावाच्या शिक्षकांच्या नियतकालिकात प्राचीन भारतीय गणितावर लेखमाला लिहीत होता. टोरांटो आणि सिवान, दोन्हीकडे सारख्याच काळजीने. हे मला फार आवडतं.

आता संस्थेकडे वळू.

१९७८ मध्ये प्रा. उदित नारायण सिंह यांच्या पुढाकाराने दिल्लीत ही सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९७९ ला, तिचं नियतकालिक निघालं, 'गणित भारती', आणि त्याचे संपादक झाले गुप्ता. त्याआधी भारतात काहीच नव्हतं असं नाही. १९६६ पासून दिल्लीहून 'इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स' निघत होतं, गुप्तांचे सुरुवातीचे महत्त्वाचे लेख त्यातच आले. पण ते सगळ्या विज्ञानांचं, वैद्यकापासून धातुशास्त्रापर्यंत. फक्त गणिताच्या इतिहासाला स्वतःचं घर नव्हतं.

पुण्याच्या श्रोत्यांना हे चटकन कळेल. १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं नसतं, तर काय झालं असतं? कागदपत्रं तशीही होती, अभ्यासकही होते. पण कुणाला कागद सापडला तर तो वाचून दाखवायचा कुठे, आणि "अहो, ही तारीख जुळत नाही" असं तोंडावर सांगणारे चार जण एकत्र बसणार कुठे? मंडळाने बैठकीची जागा दिली आणि छापायला त्रैमासिक दिलं.

जगातही या विषयाचं असंच झालं. जॉर्ज सार्टन या बेल्जियन अभ्यासकाने विज्ञानाच्या इतिहासासाठी 'आयसिस' हे नियतकालिक काढलं, पहिला अंक १९१३ चा. वर्षभरात महायुद्ध. जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं, तेव्हा सार्टनने आपली टिपणं घराच्या बागेत पुरून ठेवली आणि बायको-मुलीला घेऊन देश सोडला. पुढे अमेरिकेत १९२४ मध्ये हिस्टरी ऑफ सायन्स सोसायटी स्थापन झाली, ती मुख्यतः या नियतकालिकाला आधार म्हणून. म्हणजे तिथे आधी अंक आणि मग संस्था. आपल्याकडे आधी संस्था आणि वर्षभरात अंक. क्रम कसाही असो, एकाशिवाय दुसरं टिकत नाही.

आता दीक्षितांकडे येऊ, कारण एकट्याच्या कामाचं काय होतं ते त्यांच्याकडे बघून कळतं. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८५३. पेशाने शिक्षक. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसाच्या निमित्ताने त्यांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहायला घेतला आणि त्यातून तो प्रचंड ग्रंथ झाला. कोणता ग्रंथ कोणत्या शकातला, त्यातली ग्रहगणितं कुठून आली, कोणतं पंचांग कशावर आधारलेलं, हे सगळं त्यांनी स्वतः गणित करून तपासलं. त्याच १८९६ साली रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबरचा त्यांचा 'इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथही निघाला. शिलालेखांच्या तारखा ठरवायला जगभरचे अभ्यासक तो वापरू लागले. आणि १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळिशीही पुरी व्हायच्या आत, दीक्षित गेले.

मग काय झालं? मराठी ग्रंथ मराठीतच राहिला. हिंदीत आला १९५७ ला, म्हणजे ६१ वर्षांनी. इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग आला १९६९ मध्ये, दुसरा १९८१ मध्ये. ८५ वर्षं! त्या काळात ज्यांना मराठी येत नव्हतं, त्यांच्यासाठी या ग्रंथातलं बरंचसं जणू लिहिलंच गेलं नव्हतं. त्यातल्या चुका दुरुस्त करायला, पुढची पोथी सापडली की त्यात भर घालायला, आणि दीक्षितांचं काम पुढच्या पिढीकडे द्यायला कुणी एक मंडळ नव्हतं. दीक्षितांची बुद्धी कमी पडली असं कुणी म्हणणार नाही. कमी पडलं ते भोवतालचं.

हे झालं दुर्लक्षाचं. पण या विषयाला दुसराही एक त्रास आहे, आणि तो जास्त चिवट आहे.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड येतो. वेदांमध्ये सगळं गणित होतं, सोळा सूत्रं आहेत, नासा अभ्यास करते आहे, वगैरे. पाठवणारे काका प्रेमळ आहेत, निवृत्त आहेत, त्यांना दुखवायची माझी अजिबात इच्छा नसते. पण उत्तर तर द्यावं लागतं. तुमच्याकडेही असे काका असतील.

या सूत्रांचं पुस्तक म्हणजे पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचं 'वैदिक मॅथेमॅटिक्स', त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये छापलेलं. १९५० मध्ये स्वामीजी लखनौला या सूत्रांचं प्रात्यक्षिक द्यायला आले होते. आपण मघाशी ज्यांचं नाव घेतलं ते कृपाशंकर शुक्ल त्यांना भेटायला गेले. बरोबर अथर्ववेदाच्या परिशिष्टांची छापील आवृत्ती नेली आणि विनंती केली, ही सोळा सूत्रं यात कुठे आहेत ते दाखवावं. स्वामीजींनी पुस्तकाला हात न लावता सांगितलं की ती या परिशिष्टांत नाहीत, ती त्यांच्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत. हे शुक्लांनीच पुढे लिहून ठेवलं. आकडेमोडीच्या त्या युक्त्या झटपट आहेत, मुलांना मजा येते, त्याला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती 'वैदिक' या शब्दाला.

'गणित भारती'च्या १९८८ च्या अंकात 'वैदिक गणिताच्या नावाखाली' अशा अर्थाच्या मथळ्याचं एक टिपण आलं. लेखकाचं नाव होतं 'गणितानंद'. हे गणितानंद म्हणजे आपले गुप्ताच, ते त्यांचं टोपणनाव. ज्या माणसाने भारतीय गणिताची खरी श्रेष्ठता पुराव्यानिशी जगासमोर मांडण्यात आयुष्य घालवलं, तोच हे लिहीत होता.

आणि आता नाण्याची दुसरी बाजू. १९१५ मध्ये जी. आर. के या इंग्रज लेखकाने 'इंडियन मॅथेमॅटिक्स' नावाचं पुस्तक काढलं. भारतीय गणितात जे चांगलं आहे ते बहुतेक ग्रीकांकडून किंवा बाहेरून आलं, असा त्यांचा सूर. त्याच पठडीतला एक आक्षेप तर आजही ऐकू येतो, की भारतीयांनी नुसते नियम दिले, सिद्धता दिली नाही. त्याला उत्तर आपल्या कोकणात आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ १५२० चा, त्यांनी लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' नावाची टीका लिहिली. तीत नियमाखाली उपपत्ती दिलेल्या आहेत. परिघ आणि व्यास यांचं ३९२७ ला १२५० हे प्रमाण कुठून आलं? गणेश सांगतात, वर्तुळात आधी बारा बाजूंची आकृती काढा, मग चोवीस, असं दुप्पट करत ३८४ बाजूंपर्यंत जा. ही टीका पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये छापली. म्हणजे उत्तर पुण्यात छापून तयार होतं, फक्त वाचणारा हवा होता.

के यांना उत्तर द्यायचं तर ते फॉरवर्डने देता येत नाही, पोथीचं पान उघडून द्यावं लागतं. आणि ज्या हाताने के यांना उत्तर द्यायचं, त्याच हाताने आपल्या काकांनाही द्यावं लागतं. दोन्हीकडून टीका होते. एकट्या माणसाला हे परवडत नाही. लोक म्हणतात, तुमचं काय ते वैयक्तिक मत. मागे संस्था असली, लेख छापण्याआधी दोन जाणत्यांनी तपासलेला असला, उलट मत असणाऱ्यालाही पुढच्या अंकात जागा असली, तर ते वैयक्तिक मत राहत नाही.

यात रोमांचक काहीच नाही, हे मान्य. संपादकाचं काम म्हणजे लेखकांना आठवण करणारी पत्रं लिहिणं, उच्चारचिन्हांच्या मुद्रितशोधनात डोळे फोडणं, कुणाच्या निधनानंतर त्याच्या लेखांची यादी तयार करणं, नव्या पुस्तकांची परीक्षणं करून घेणं. गुप्तांनी हे पाव शतक केलं. सरस्वती अम्मा २००० मध्ये गेल्या, तेव्हा त्यांचं आयुष्य आणि काम नीट नोंदवून ठेवलं ते याच शिष्याने.

पुढे 'गणित भारती'ची संपादकीय धुरा आली श्रीकृष्ण दाणी यांच्याकडे. हे बेळगावात जन्मलेले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले नामवंत गणिती. वैदिक गणिताच्या दाव्यांवर त्यांनी १९९३ मध्येच सविस्तर लिहिलं होतं. अंकाचं स्वरूप पुढे अधिक औपचारिक झालं, परिषदा होत राहिल्या. ज्या नियतकालिकाचा पहिला संपादक झाशीचा होता त्याची धुरा बेळगावच्या माणसाने घेतली, हे सांगायचा मोह मला आवरत नाही.

२००९ चं केनेथ मे पारितोषिक गुप्तांना ब्रिटिश अभ्यासक आयव्हर ग्रॅटन-गिनेस यांच्याबरोबर विभागून मिळालं. गणिताच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान समजा, चार वर्षांतून एकदा दिला जातो. तो मिळवणारे गुप्ता पहिले भारतीय. ज्यांच्या नावाने तो आहे ते केनेथ मे म्हणजे टोरांटोचे, 'हिस्टोरिया मॅथेमॅटिका'चे संस्थापक. तेही संपादकच! पदक गुप्तांना २०१० मध्ये हैदराबादला, गणितज्ञांच्या जागतिक परिषदेत देण्यात आलं. पुढे २०२३ मध्ये पद्मश्री.

१९९५ ला निवृत्त झाल्यावर गुप्ता रांचीत राहिले नाहीत. ते झाशीला परतले आणि तिथून लिहीत राहिले. विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय हाताशी नाही, शिष्यांचा गोतावळा नाही, आणि तरी लेख येत राहिले. २०१५ मध्ये त्यांच्या निवडक लेखांचा जाडजूड खंड आयआयटी मुंबईच्या के. रामसुब्रमणियन यांनी संपादित केला, तो सोसायटीनेच काढला. नाव ठेवलं 'गणितानंद'. मासिकांच्या जुन्या अंकांत, सिवानच्या फायलींत विखुरलेले लेख एका बांधणीत आले. २०२४ मध्ये गुप्ता गेले.

दीक्षितांचा ग्रंथ मराठी न जाणणाऱ्यांपर्यंत पोहोचायला ६१ आणि ८५ वर्षं लागली. गुप्तांचे लेख त्यांच्या हयातीतच, त्यांच्या डोळ्यांदेखत एकत्र झाले.

तेवढं साइन ४५ चं गणित आज घरी करून बघा. आणि काकांना पाठवायचं असेल तर हे पाठवा, सूत्र महाभास्करीयातलं आहे, शुक्लांनी ते १९६० मध्ये लखनौला छापलेलं आहे.